तक्त्यातला ‘वर्ष’ नावाचा रकाना

नाशिक

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. गाजलेल्या नाटकांचा प्रकाशन-इतिहास लिहायचा म्हणून एवढी नावं जमवलीस, प्रत्येकापुढे प्रकाशक शोधून लिहिलास, अक्षरही सुवाच्य ठेवलंस. याचं कौतुक आधीच करून टाकतो, कारण पुढे बहुतेक तक्रारीच आहेत.

तुझे रकाने चार: नाटक, नाटककार, प्रकाशक, वर्ष. या चौथ्यापाशी मी अडलो. ‘नटसम्राट’पुढे तू १९७० लिहिलं आहेस. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पुढे १९६८. आणि महात्मा फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’पुढे १८५५. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते एका रकान्यात बसत नाहीत. १९७० हे ‘नटसम्राट’च्या पहिल्या प्रयोगाचं साल, तेही अगदी वर्षअखेरचं, २३ डिसेंबर. पुस्तक पॉप्युलर प्रकाशनानं काढलं ते १९७१ मध्ये. १९६८ हे ‘शांतता’च्या पुस्तकाचं साल, ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं नाटक १९६७ मध्येच रंगमंचावर आणलं होतं. आणि १८५५ हे ना प्रयोगाचं, ना पुस्तकाचं. त्या साली जोतीरावांनी ते लिहिलं, एवढंच.

आमच्या पिढीत बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जून असते, हे तुला ठाऊक असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख ठोकून दिली आणि ती पेन्शनच्या कागदापर्यंत चालली. नाटकाच्या पुस्तकावरचं साल पुष्कळदा तसंच असतं. नोंद खरी असते, सरकारदरबारी चालते, पण त्या दिवशी नेमकं काय झालं हे ती सांगत नाही. कादंबरीचं तसं नाही. कादंबरी छापली की जन्मली. नाटक एकदा कागदावर उतरतं, एकदा तालमीत बदलतं, एकदा पडदा वर जातो तेव्हा लोकांचं होतं आणि मग कधीतरी, कुणाला तरी गरज वाटली तर, छापलं जातं. ‘कुणाला तरी गरज वाटली तर’ हे जे आहे ना, तोच तुझा विषय आहे. प्रकाशकाच्या नावापुढे साल लिहिलं की ग्रंथालयाचं दाखलपत्र होतं. कुणी, कशासाठी, नेमकं तेव्हाच का छापलं आणि छापलं ते कोणत्या प्रतीवरून, हे विचारलंस तर इतिहास होईल.

तेव्हा ‘वर्ष’ हा रकाना खोड. त्याजागी तीन कर: लिहिलं कधी, झालं कधी, छापलं कधी. शेजारी एक रुंद रकाना सोड, ‘का’ या नावाचा. तो बराचसा रिकामा राहील. राहू दे.

एक गंमत करून बघ. तक्ता असा झाला की मराठीतलं पहिलं नाटक कोणतं, हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न त्याला विचार. ‘झालं कधी’ या रकान्यानं लावलंस तर विष्णुदास भावे वर येतील. सांगलीला १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’. मग त्याच ओळीत ‘छापलं कधी’ बघ. भाव्यांच्या आख्यानांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ निघाला १८८५ मध्ये, म्हणजे खेळ झाल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. आणि त्यात छापण्यासारखं होतं काय, तर पदं. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापलं बोलणं तिथल्या तिथे रचायची. ते बोलणं कुठल्याही कागदावर नव्हतंच, तर छापणार कुठून? ‘छापलं कधी’ या रकान्यानं लावलंस तर वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ पुढे येतं, १८६१ चं. संस्कृतातून आणलेली नाटकं त्याआधी छापली गेली होती, पण स्वतंत्र रचलेलं आणि पुस्तक म्हणून हातात आलेलं हेच पहिलं मानतात. त्या काळी अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हणत. मला तो शब्द आवडतो, त्यात थोडी कुचेष्टा आहे आणि थोडा धाकही. आणि ‘लिहिलं कधी’ या रकान्यानं लावलंस तर कीर्तन्यांच्या सहा वर्षं आधी जोतीराव उभे आहेतच. त्यांच्याही मागे जायचं तर तंजावरच्या भोसले राजांची नाटकं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितांत आहेत.

फुल्यांच्या ओळीपाशी जरा थांब. ‘तृतीय रत्न’ त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे, म्हणजे ग्रंथांना सरकारी बक्षिसं देणाऱ्या समितीकडे, दिलं होतं. कमिटीनं ते नाकारलं. ही हकिकत त्यांनी स्वतः ‘गुलामगिरी’त लिहून ठेवली आहे, म्हणून नाटक असल्याचं लोकांना माहीत तरी राहिलं. नाटक छापून आलं १९७९ मध्ये. लिहिण्यात आणि छापण्यात सव्वाशे वर्षांचं अंतर. एका भट जोश्यानं अडाणी कुणबी जोडप्याला कसं नागवलं, हे सांगणारं नाटक कोणाच्या हातून नाकारलं गेलं आणि कोणत्या काळात ते पुन्हा लोकांना हवंसं झालं, याचा विचार कर. ‘का’ हा रकाना इथे दोनदा भरावा लागेल: तेव्हा का छापलं नाही, आणि मग का छापलं. माझं विचारशील तर नाटकांच्या प्रकाशन-इतिहासात न छापलेल्या काळाची नोंद छापलेल्या सालाइतकीच मोलाची आहे.

आता दुसरी तक्रार. तू ‘हॅम्लेट’पुढे १६०३ लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस. अगं, जगातल्या सगळ्या नाटकांत ज्याच्या छपाईवर सर्वांत जास्त भांडणं झाली ते हे नाटक!

१६०३ मध्ये एक चोपडी निघाली, तिला अभ्यासक पहिला क्वार्टो म्हणतात. पुढच्या वर्षी, १६०४-०५ मध्ये, दुसरी निघाली, ती जवळजवळ दुप्पट मोठी. तिच्या मुखपृष्ठावरच म्हटलं होतं की ही खऱ्या आणि संपूर्ण प्रतीवरून छापली आहे. म्हणजे आधीची तशी नव्हती, हे न सांगता सांगितलं. आणि १६२३ मध्ये, शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर, त्याच्या कंपनीतल्या जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या दोन नटांनी ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ काढला, तो फर्स्ट फोलिओ. त्यातलं ‘हॅम्लेट’ पुन्हा वेगळं. काही ओळी गेल्या, काही नव्या आल्या. आज आपण वाचतो ते ‘हॅम्लेट’ बहुधा शेवटच्या दोन प्रती जोडून संपादकांनी बेतलेलं असतं.

पहिल्या चोपडीत ते जगप्रसिद्ध स्वगत ‘टू बी, ऑर नॉट टू बी, आय, देअर्स द पॉइंट’ असं आहे. ‘क्वेश्चन’ नाहीच! लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण मी आयुष्यभर विंगेत वही घेऊन बसलो आहे. अभ्यासकांचा एक तर्क असा की ही प्रत एखाद्या छोट्या भूमिका करणाऱ्या नटानं आठवणीतून लिहून दिली असावी, कारण मार्सेलस या पहारेकऱ्याची वाक्यं त्यात बरीच अचूक आहेत आणि बाकीच्यांची धेडगुजरी. सगळ्यांना हा तर्क मान्य नाही. पण कुठल्याही प्रॉम्प्टरला विचार, तो मान डोलावेल. नटाला स्वतःची वाक्यं पाठ असतात, समोरच्याच्या वाक्याचं फक्त शेपूट पाठ असतं. शेपूट ऐकू आलं की तो तोंड उघडतो. मधलं सगळं त्याच्या दृष्टीनं ‘काहीतरी म्हणतो’ असं असतं. कुणी त्याला नाटक लिहून दे म्हटलं तर तो असंच लिहील.

आणि ऐक, या पहिल्या चोपडीची एकही प्रत १८२३ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हती. आज जगात दोनच आहेत. म्हणजे तुझं १६०३ हे साल दोनशे वर्षं कुणाच्याच तक्त्यात नव्हतं. फोलिओचं महत्त्वही साध्या आकड्यात सांगता येतं: त्यातली १८ नाटकं त्याआधी छापलीच गेली नव्हती. ‘मॅक्बेथ’ त्यात आहे, ‘ज्युलियस सीझर’, ‘टेम्पेस्ट’. त्या दोन नटांनी ते बाड छापखान्यात नेलं नसतं तर आपल्या शिरवाडकरांना ‘राजमुकुट’ लिहायला मूळ ‘मॅक्बेथ’ मिळालं नसतं. आगरकरांना मात्र ‘हॅम्लेट’ मिळालं असतं. त्यांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी ते मराठीत आणलं. त्याची नोंद तुझ्या तक्त्यात नाही, ती कर.

पुस्तक आधी की प्रयोग आधी, हा दुसरा धागा. आपल्याकडे साधारण रीत अशी की नाटक चाललं तर पुस्तक. प्रकाशक पैसे घालतो, त्याला शंभर प्रयोगांचा आधार हवा असतो. युरोपात इब्सेनचं उलट होतं. ‘अ डॉल्स हाउस’ डिसेंबर १८७९ च्या सुरुवातीला कोपनहेगनला गिल्डेनडाल या प्रकाशकानं छापलं, आठ हजार प्रती, ऐन नाताळच्या बाजारात. पहिला प्रयोग झाला त्याच महिन्याच्या २१ तारखेला. लोक नाट्यगृहात शिरले तेव्हा नायिका नोरा दार आपटून जाणार आहे हे पुष्कळांनी घरी वाचलेलं होतं. सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चंही तसंच: फ्रेंच पुस्तक ऑक्टोबर १९५२ मध्ये, पॅरिसचा पहिला प्रयोग ५ जानेवारी १९५३ ला.

यातून एक गोष्ट लक्षात घे. प्रयोगाआधी छापलेलं पुस्तक एकट्या लेखकाचं असतं. प्रयोगानंतर छापलेल्या पुस्तकात दिग्दर्शक असतो, नट असतात, कधी कापलेला प्रवेश असतो, कधी एखाद्या नटाला टाळी मिळाली म्हणून कायम झालेलं वाक्य असतं. मी मुद्रितं तपासायला बसायचो तेव्हा कंसातल्या सूचना वाचून कळायचं की हे लेखकानं कल्पिलेलं घर नाही, हे नेपथ्यकारानं उभं केलेलं घर आहे. ‘डावीकडे जिना, त्याखाली टेलिफोन’. जिना तिथे होता कारण त्या नाट्यगृहात उजवीकडे विंग अरुंद होती! पुढे गावोगावच्या हौशी मंडळींनी तो जिना डावीकडेच बांधला. नेपथ्यकाराचं नाव फार तर श्रेयनामावलीत, आणि पुढच्या आवृत्तीत श्रेयनामावलीही गायब. एका प्रकाशन संस्थेनं पुनर्मुद्रणाच्या वेळी पहिल्या प्रयोगाच्या माहितीचं पान कागद वाचवायला काढून टाकलं, तेव्हा मी बराच वाद घातला होता. पान गेलंच. म्हणून तुला सांगतो, नुसती नवी आवृत्ती बघून नोंद करू नकोस. जितक्या जुन्या आवृत्तीपर्यंत हात पोहोचेल तितका पोहोचव.

तिसरा रस्ता मासिकातून जातो. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथे’त आली. विजया मेहतांनी ती वाचली आणि रंगमंचावर आणली. मासिक, मग प्रयोग, मग पुस्तक. तुझ्या यादीत मासिकांना जागाच नाही. दिवाळी अंक चाळायला लाग.

संगीत नाटकांकडे मी फार वेळ घालवणार नाही, पण एक सावधगिरी. तिथे ‘झालं कधी’ हासुद्धा एक आकडा नसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा ३१ ऑक्टोबर १८८० चा पुण्यातला प्रयोग पहिल्या चार अंकांचा होता. ‘सौभद्र’चे नोव्हेंबर १८८२ मध्ये तीनच अंक झाले, संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ तर आधी ‘फाल्गुनराव’ या नावानं गद्यात होतं, १८९३ मध्ये. पदं घालून, नवं नाव घेऊन ते आलं १९१६ मध्ये, आणि तोवर देवल गेले होते. हे एक नाटक की दोन? मी दोन ओळी करीन. तुला एक करायची असेल तर कर, पण काय केलंस ते टिपेत लिही.

देवलांवरून आपल्या गावाकडे येतो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता आणि तिथे कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या, हे नाशिकमध्ये पोराटोरांना ठाऊक आहे. ‘शारदा’ १८९९ ची. पण नाशिककराला विचारलं तर त्याच्या डोक्यात ‘शारदा’चं साल १९०९ च असतं! यात चूक म्हणण्यासारखं काही नाही. नाटकाला त्या त्या गावाची एक तारीख असते आणि ती कुठल्याच पुस्तकावर नसते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारनं बंदी आणली. नाटक १९०७ पासून चालू होतं. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. सरकारला मात्र समजायला तीन वर्षं लागली. इथून तुला बंदीचा धागा पकडता येईल. प्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा १८७६ चा. पुस्तकांसाठी वेगळे कायदे. म्हणून एकाच नाटकाचा प्रयोग बंद आणि पुस्तक चालू, असं होऊ शकतं, आणि काही लेखकांनी या फटीचा उपयोगही केला आहे. बर्नार्ड शॉचं ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ १८९३ मध्ये लिहून झालं, लंडनच्या सेन्सॉरनं परवाना दिला नाही. शॉनं ते १८९८ मध्ये छापून टाकलं, वर लांबलचक प्रस्तावना जोडली, कंसातल्या सूचना कादंबरीसारख्या लिहिल्या. रंगमंच मिळत नाही तर वाचकाच्या डोक्यात नाटक उभं करतो, असा तो हट्ट. इंग्लंडात त्याचा जाहीर प्रयोग झाला तो १९२५ मध्ये. शॉच्या पुस्तकांचं जे रूप पुढे सगळ्यांनी उचललं ते या अडवणुकीतून आलं आहे.

उलट बाजूही बघ. ‘गोदो’ची लंडनच्या फेबर या प्रकाशकानं १९५६ मध्ये काढलेली आवृत्ती सेन्सॉरनं कापलेल्या संहितेवरून छापली होती. पूर्ण पाठ त्यांनी १९६५ मध्ये दिला. ज्यांनी मधल्या नऊ वर्षांत ती प्रत विकत घेतली त्यांनी सेन्सॉरचं ‘गोदो’ वाचलं.

आपल्याकडे तेंडुलकर आहेतच. ‘गिधाडे’ लिहून झालं १९६१ च्या सुमारास, रंगमंचावर आलं १९७० मध्ये, पुस्तक १९७१ मध्ये. साडीवरचा रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे आपल्याकडच्या नाटकांच्या सेन्सॉरला, नको होता. डाग निळा झाला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं की निळा दिसेल तो लाल समजावा. आता तू पुस्तक उघड आणि तिथे कोणता रंग छापला आहे ते स्वतः बघून लिही. मी सांगणार नाही. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात आलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं. नटमंडळी बाहेर पडली, थिएटर अकादमी उभी राहिली, १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. पुस्तक कधीचं? १९७३ चं, नीलकंठ प्रकाशनाचं. प्रयोग बंद, वाद चालू, आणि नाटक दुकानात मिळतंय. ‘का’ या रकान्यात काय लिहायचं हे इथे तुला सुचेल. तरी एक लक्षात ठेव: ते पुस्तक वाचून ‘घाशीराम’ कळत नाही. माणसांची ती हलती भिंत, चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यरचना यातलं काय आणि किती कागदावर येणार? ‘नटसम्राट’चं पुस्तक जितकं नाटक आहे तितकं ‘घाशीराम’चं नाही. प्रकाशन-इतिहास लिहिणाऱ्यानं हा फरक करायला हवा, नाहीतर सगळी पुस्तकं कपाटात सारख्याच उंचीची दिसतात.

लेखक गेल्यावर छापलेली नाटकं हा आणखी एक नाजूक भाग. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. ‘एकच प्याला’ बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं केलं ते महिनाभरानं, २० फेब्रुवारीला. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. तुझ्या तक्त्यात नाटककार या रकान्यात एकच नाव आहे; गुर्जरांना कुठे बसवणार? ‘राजसंन्यास’ तर अपुरंच राहिलं आणि अपुरंच छापलं गेलं. ते नीट पूर्ण करताना गडकऱ्यांनी काय ठेवलं असतं, काय खोडलं असतं, हे कोण सांगणार? पण छापलं की मसुदासुद्धा नाटक म्हणूनच वाचला जातो. त्यातल्याच मजकुरावरून जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ च्या जानेवारीत, पुण्यात त्यांचा पुतळा उखडला गेला. अपुऱ्या लेखनावर ‘अपूर्ण’ असं मुखपृष्ठावरच ठळक छापलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आत प्रस्तावनेत सांगून भागत नाही, प्रस्तावना कोण वाचतं!

आता शोधायचं कुठे, ते. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आधी घे. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. एकट्या माणसानं केलेलं हे काम आहे; पानं उलटताना त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार कर. मग १८६७ च्या कायद्याखाली सरकार जे त्रैमासिक सूचीपत्र काढत असे ते. तुझ्या वयाच्या मुलांना याची कल्पना नसते. छापखान्यातून बाहेर पडलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवावं लागे, आणि नोंदीत मुद्रक, प्रकाशनाची तारीख, आवृत्ती, पानं, किती प्रती काढल्या, किंमत काय, हक्क कोणाकडे, एवढं सगळं असे. राज्यकर्त्यांनी ते लक्ष ठेवायला केलं, आपल्याला ते इतिहासाला मिळालं. १९५० नंतरच्या पुस्तकांसाठी वि. भा. देशपांड्यांचा ‘मराठी नाट्यकोश’ हाताशी ठेव, पण कोशातलं साल कोणत्या रकान्याचं आहे हे प्रत्येक वेळी स्वतःला विचार.

आणि गावातलं सोडून मुंबईला धावू नकोस. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. परशुराम साईखेडकर नाट्यगृह त्याच आवारात. वर पुस्तक वाचावं आणि खाली येऊन प्रयोग बघावा, अशी सोय किती गावांना आहे? शिरवाडकर इथले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे कानेटकर इथेच एच.पी.टी. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. या दोघांपासून सुरुवात कर, कारण त्यांच्या नाटकांच्या जुन्या आवृत्त्या नाशिकमधल्या घराघरांत निघतील. शिरवाडकरांचा फक्त ‘नटसम्राट’ घेऊन बसू नकोस. ‘दूरचे दिवे’, ‘वैजयंती’, ‘राजमुकुट’, ‘ऑथेल्लो’, ‘बेकेट’ (हा ‘गोदो’वाला बेकेट नव्हे) अशी परकीय नाटकांवरून केलेली त्यांची एक मोठी रांगच आहे. प्रत्येकाची मुखपृष्ठामागची पानं बघ, मूळ नाटकाचा उल्लेख कसा केला आहे, पहिल्या आवृत्तीत आहे आणि नंतर गेला आहे का. हे कुणी अजून सलग मांडलेलं माझ्या पाहण्यात नाही.

हक्कांबद्दल विचारलं होतंस. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. गडकरी, देवल, खाडिलकर मोकळे झाले. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत नाही. तू उतारे देशील ते अभ्यासापुरते आणि थोडके दे. आख्खं स्वगत टाइप करून टाकू नकोस. प्रयोग करायचा असेल तर लेखी परवानगी, ती अट पुस्तकात मागे बारीक टायपात छापलेली असते.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या यादीत सगळी छापलेली नाटकं आहेत, साहजिकच. पण राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर दर वर्षी जी नाटकं होतात त्यांतली किती पुस्तक होतात? बक्षीस मिळालेलीसुद्धा नाही. संहिता असते ती परिनिरीक्षण मंडळाला पाठवलेली एक प्रत, दिग्दर्शकाकडची खुणा केलेली एक, आणि प्रॉम्प्टरची वही. पुढच्या वर्षी नवी स्पर्धा, नवी संहिता. जुनी कुणाच्या तरी माळ्यावर. फुल्यांचं नाटक सव्वाशे वर्षं कागदावर टिकलं. आमच्या तालमींतल्या झेरॉक्सची शाई पंचवीस वर्षांतच पानाला पान चिकटवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझ्या तक्त्याला एक पुरवणी जोड: नाशिकमध्ये झालेली, न छापलेली. तिथे ‘छापलं कधी’ हा रकाना कोराच राहील. बाकीचे तीन भर, आणि प्रत आज कोणाकडे आहे ते लिही. हे काम तू केलंस तर गाजलेल्या नाटकांचा तुझा तक्ता माझ्या दृष्टीनं दुय्यम ठरेल. तुझ्या मार्गदर्शकांना हे पटेलच असं नाही. त्यांना प्रबंधाचं नाव बदललेलं चालत नाही, तेव्हा पुरवणीला ‘परिशिष्ट’ म्हण.

आमच्या मंडळाच्या वह्या मी एका पेटीत ठेवल्या आहेत. काहींवर तीन वेगवेगळ्या शाईंत खुणा आहेत: एक दिग्दर्शकाची, एक माझी, आणि एक कुणाची ते वहीगणिक बदलतं. शनिवारी दुपारी चारनंतर ये. मोबाईलनं फोटो काढायला माझी ना नाही, फक्त पानं सपाट करायला वहीचं पाठ दाबू नकोस. आणि टिपणं घ्यायला शिसपेन्सिल आण. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन मी कुणालाच उघडू देत नाही, तुलाही देणार नाही.

तुझा,
काका